पंचांगशोधनाचा वाद व त्याचें फलित

गेल्या सत्रांत आमच्या महाविद्यालयाच्या कचेरींत एक लहानशी गोष्ट घडली. एका परीक्षेचा दिवस पुढें ढकलावा लागला. पूर्वीं असा प्रसंग आला म्हणजे शिपाई सूचनेचें पुस्तक घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडे व प्रत्येक अध्यापकाची सही घेई. या खेपेस कचेरींतील तरुण लेखनिकानें आपल्या यंत्रावर एक ओळ बदलली, आणि आम्ही चहाचा पेला खालीं ठेवतों न ठेवतों तोंच सर्व अध्यापकांच्या खिशांतील मोबाइलवर ती तारीख बदलून गेली. आम्हीं कुतूहलानें त्यास रीत विचारली. त्यानें सांगितलें कीं, निरनिराळ्या विभागांच्या दिनदर्शिका एकत्र बांधून त्यांचे गट केलेले असतात. एका संगणकीय प्रणालीनें दुसरीकडे विनंति पाठविण्याचें एक ठराविक दार असतें, त्यास एपीआय म्हणतात. त्या दारांतून एकदां दुरुस्ती पाठविली कीं गटांतील प्रत्येकाची दिनदर्शिका आपोआप दुरुस्त होते. "आणि एखाद्यानें ती दुरुस्ती मान्य केली नाहीं तर?" असें आम्हीं विचारलें. तो हंसला. "सर, मान्य न करण्याचा प्रश्नच येत नाहीं. गटांत नांव आहे म्हणजे झालें."

त्याचें हें शेवटचें वाक्य आमच्या मनांत कांहीं दिवस घोळत राहिलें. महाराष्ट्रांत पंचांग दुरुस्त करण्याचा उद्योग १८६५ पासून चालला. त्यांत गणितांत पारंगत अशीं माणसें पडलीं, लोकमान्यांसारखा पुढारी पडला, शेवटीं स्वतंत्र भारताचें सरकारहि पडलें. गणित दुरुस्त झालें. तरी २०२३ सालीं कोंकणांत गणेश चतुर्थी दोनदां आली, एक २० ऑगस्टला व दुसरी १९ सप्टेंबरला. एकाच आकाशाखालीं, एकाच गांवांत, क्वचित् एकाच कुळांत हें घडलें. असें कां व्हावें, याचा थोडा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

आरंभ गणेश दैवज्ञापासून केला पाहिजे. हा मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवचा. १५२० सालचा त्याचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ पुढें साडेतीनशें वर्षें महाराष्ट्रांतील, तसेंच गुजराथ व कर्नाटक यांच्या बऱ्याच भागांतील जोशांच्या हातीं होता. त्याची थोरवी कशांत आहे हें, ज्यानें जुन्या सिद्धांतग्रंथांवरून एखादें ग्रहण काढून पाहिलें असेल त्यासच नीट कळेल. तेथें ज्या आणि चाप यांच्या जंजाळावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. गणेशानें तीं दोन्ही काढून टाकलीं व साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रह आणून दाखविले. युगारंभापासूनचे लक्षावधि दिवस मोजीत बसण्याऐवजीं त्यानें ४०१६ दिवसांचें, म्हणजे सुमारें अकरा वर्षांचें, एक चक्र योजिलें; त्यामुळें आंकडे आटोक्यांत आले आणि खेड्यांतला जोशीहि आपल्या पाटीवर पंचांग मांडूं लागला. गणेश हा जुन्याचा आंधळा अभिमानी नव्हता, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याचा पिता केशव यानें स्वतः ग्रहांचे वेध घेऊन जुन्या ग्रंथांचें गणित आकाशाशीं जुळत नाहीं असें पाहिलें होतें, आणि पुत्रानें त्या वेधांचा उपयोग केला. म्हणजे पुढें ज्यास परंपरा म्हणून कवटाळण्यांत आलें, तें एके काळचें पंचांगशोधनच होय. तें लोकांनीं स्वीकारलें तें कोणाच्या आज्ञेनें नव्हे. सोपें होतें म्हणून स्वीकारलें.

त्या काळीं पंचांग ही छापील वस्तु नव्हती. वर्षप्रतिपदेस जोशी घरीं येई, वर्षफल वाचून दाखवी, दक्षिणा घेऊन जाई. गांवचा जोशी चुकला तर गांव एकदम चुके, आणि दुरुस्त झाला तर गांव एकदम दुरुस्त होई. १८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछापावर पंचांग छापलें, आणि ही व्यवस्था हळूहळू पालटली. छापील पंचांग दोनचार आण्यांस घेऊन खुंटीस अडकवितां येतें. मग जोशाच्या शब्दापेक्षां खुंटीवरच्या पुस्तकाचा शब्द खरा ठरूं लागतो. पुढें निरनिराळीं पंचांगें निघालीं तेव्हां कुटुंबें गांवाच्या जोशापासून सुटून एकेका पंचांगाच्या नांवास चिकटलीं. ज्यांस तो लेखनिक 'गट' म्हणतो, ते असे छापखान्यानें बनविले. वादाचें बीज मात्र गणितांतच होतें, आणि तें दुहेरी होतें. पुढील सर्व इतिहास या दोन चुकांतील फरक ओळखण्यावर व न ओळखण्यावर फिरतो, म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे.

पहिली चूक चंद्राची. चंद्र सूर्याच्या पुढें बारा अंश जाण्यास जो काळ लागतो ती तिथि. चंद्राची गति फार लहरी आहे. आमच्या ग्रंथकारांनीं तिला एकच मोठा संस्कार दिला, आणि तो अशा बेतानें दिला कीं अमावास्या-पौर्णिमेस चंद्र बहुतेक आपल्या जागीं येई. म्हणून ग्रहणें जमत, आणि ग्रहण जमलें म्हणजे लोकांची खात्री पटे. अष्टमीच्या सुमारास हाच हिशेब अडीच अंशांपर्यंत चुके आणि तिथीचा शेवट पांच तासांपर्यंत मागेंपुढें होई. पण अष्टमी संपलेली डोळ्यांनीं कोणास दिसते? जुन्या गणितानें तिथि फार तर पांच घटिका वाढे व सहा घटिका घटे. यास 'बाणवृद्धि रसक्षय' म्हणत. खऱ्या चंद्राची तिथि सात घटिकांपर्यंत वाढते व दहा घटिकांपर्यंत घटते. धर्मशास्त्र्यांचें म्हणणें असें कीं, व्रतांचे निर्णय पहिल्या मापावर बेतलेले आहेत, तेव्हां तेंच माप चालूं द्यावें. हें म्हणणें हास्यास्पद मानण्याची चाल इंग्रजी शिकलेल्यांत होती. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. एकादशी आज कीं उद्यां हें सूर्योदयाच्या तिथीवर ठरतें, आणि कांहीं तासांच्या फरकानें उपवासाचा दिवस बदलतो. ज्या आजीनें साठ वर्षें एक एकादशी मोडली नाहीं, तिला "तुझे कित्येक उपवास चुकीच्या दिवशीं झाले" असें सांगणें ही नुसती गणिताची गोष्ट नव्हे.

दुसरी चूक वर्षाची व राशिचक्राच्या आरंभाची. सूर्यसिद्धांताचें वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटें ३६ सेकंदांचें. खरें नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटें १० सेकंदांचें. हा साडेतीन मिनिटांचा फरक हजार वर्षांत सुमारें अडीच दिवसांचा होतो. तो दुरुस्त करावयाचा तर राशिचक्र आकाशांतल्या कोणत्या बिंदूपासून मोजावें हें आधीं ठरलें पाहिजे, आणि येथेंच खरी मेख आहे. सूर्यसिद्धांत रेवतीच्या तारेस चक्राच्या आरंभीं, अवघ्या दहा कलांच्या अंतरानें, बसवितो, आणि चित्रेस बरोबर १८० अंशांवर बसवितो. प्रत्यक्ष आकाशांत या दोन तारांमध्यें सुमारें १८४ अंशांचें अंतर आहे. म्हणजे रेवती धरली तर चित्रा सुटते, चित्रा धरली तर रेवती सुटते, आणि दोघांच्याहि मागें शास्त्र उभें! या चार अंशांनीं संक्रांति चार दिवस मागेंपुढें होते. तेवढ्यानेंहि फारसें बिघडलें नसतें; परंतु ज्या चांद्र महिन्यांत संक्रांति पडत नाहीं तो अधिक मास, असा नियम आहे. चार दिवसांच्या फरकानें संक्रांति कधीं एका महिन्यांतून उडून दुसऱ्यांत जाते, अधिक मास निराळा येतो, आणि मग कित्येक महिने सगळे सण एका महिन्यानें सरकतात.

वाचकांनीं या दोन चुकांचा भेद पाहावा. पहिलीचा निकाल आकाश देतें. दुर्बीण घेऊन बसलें कीं चंद्र कोठें आहे हें दिसतें. दुसरीचा निकाल आकाश देत नाहीं. आकाशाला आरंभ नाहीं. तो माणसांनीं आपसांत ठरवावा लागतो.

केरो लक्ष्मण छत्रे हे आमच्याकडील पहिले पंचांगशोधक. त्यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हें पुस्तक युरोपीय कोष्टकांच्या आधारें तयार केलें आणि १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्यानें, नवें पंचांग सुरू केलें. त्यास पटवर्धनी पंचांग म्हणत. केरूनानांचें गणित निर्दोष होतें. पण त्यांनीं दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या. चंद्र सुधारला तो सुधारलाच. त्याबरोबर रेवतीची तारा आरंभस्थान म्हणून धरली. ग्रहलाघवाच्या रीतीनें त्या वर्षीं अयनांश सवाबावीस अंशांच्या वर येत, केरूनानांचे अठरांच्या आसपास आले. एका पुस्तकांत मकरसंक्रांति एका दिवशीं आणि दुसऱ्यांत चार दिवस आधीं! ज्या गृहस्थास तिथीच्या घटिका-पळांशीं कर्तव्य नव्हतें त्यालाहि तिळगूळ केव्हां वांटावयाचा हें कळत होतें. आमच्या मतें केरूनानांची चूक ती हीच. त्यांनीं त्या वेळीं केवळ चंद्र दुरुस्त करून आरंभस्थानास हात लावला नसता, तर लोकांनीं कदाचित् बदल झाल्याचें जाणलेंहि नसतें. शिवाय जी तारा त्यांनीं निवडली ती इतकी मंद आहे कीं, चांगल्या डोळ्यांच्या माणसासहि काळोख्या रात्रीं ती शोधावी लागते. चित्रा तर संध्याकाळीं अंगणांतून सहज दिसते. हा युक्तिवाद शास्त्रीय नव्हे, पण लोकांस घेऊन चालावयाचें असेल तर अशाहि गोष्टी पाहाव्या लागतात.

काशीस बापूदेव शास्त्री हे या बाबतींत अधिक धोरणी ठरले. त्यांनीं १८७६ पासून इंग्रजी नॉटिकल अल्मनाकाच्या आधारें पंचांग काढलें; तिथि खऱ्या दिल्या, परंतु संक्रांति व अधिक मास जुन्यांच्या जवळ राहूं दिले. उलट विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर बाळकृष्ण दीक्षित या त्रयीनें सायन पंचांगाचा पुरस्कार केला. ऋतूंचा आणि महिन्यांचा मेळ कायम राहावा हा त्यांचा हेतु, आणि तो तर्कास धरून होता. पण त्यांची मकरसंक्रांति डिसेंबरच्या २१-२२ तारखेस येई. इतका मोठा बदल कोण पचविणार? दीक्षितांची मात्र आम्हांस नेहमीं नवलाई वाटते. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' चाळतांना हा ग्रंथकार स्वतः एका हट्टी पक्षाचा पुरस्कर्ता आहे याची आठवणहि होत नाहीं, इतक्या समतोलपणें त्यांनीं प्रतिपक्षाचीं पंचांगें वर्णिलीं आहेत. पेशानें शाळामास्तर असलेल्या या गृहस्थाचा तो ग्रंथ पुढें भारत सरकारनें इंग्रजींत भाषांतरित करविला. असो.

यानंतर व्यंकटेश बापूजी केतकर आले. 'ज्योतिर्गणित', 'केतकी' व 'वैजयंती' या त्यांच्या ग्रंथांनीं पंचांगकर्त्यांस आधुनिक गणित सुलभ करून दिलें. त्यांनीं चित्रापक्ष उचलून धरला. त्या पक्षाचे अयनांश जुन्या पंचांगांच्या जवळ येत. त्यामुळें संक्रांत बहुतेक आपल्या ओळखीच्या दिवशींच राहिली. चित्रापक्षाचा पुढें जो विजय झाला त्याचें श्रेय पुष्कळ लोक त्याच्या शास्त्रशुद्धतेस देतात. आमच्या मतें तें या सोयीस द्यावें.

लोकमान्य टिळक हे डेक्कन कॉलेजांत केरूनानांचे विद्यार्थी. 'ओरायन' हा त्यांचा १८९३ चा ग्रंथ वसंतसंपाताच्या सरकण्यावरच उभारलेला आहे, तेव्हां हा विषय त्यांस उपरा नव्हता. दुसरें आरंभस्थान हें ठरावानेंच ठरणार, हें त्यांनीं ओळखलें होतें असें त्यांच्या उद्योगावरून दिसतें. १९०४ सालीं मुंबईस, १९१७ सालीं पुण्यास व १९२० सालीं सांगलीस ज्या ज्योतिष-परिषदा भरल्या त्यांमागें हीच खटपट होती. शास्त्री, गणिती, पंचांगकर्ते एकत्र बसावे आणि एकमतानें एक पंचांग सर्वांनीं चालवावें, हा बेत. पण परिषदेंत जमले ते पंडित. खुंटीवर पंचांग अडकविणारा गृहस्थ तेथें नव्हता, आणि त्याच्या वतीनें होय म्हणण्याचा अधिकार कोणास दिलेलाहि नव्हता. टिळकांचा कल गुरूप्रमाणें रेवतीकडे होता. केतकर व त्यांचे अनुयायी चित्रेपासून हलले नाहींत. सांगलीच्या परिषदेनंतर थोड्याच महिन्यांत, १ ऑगस्ट १९२० रोजीं, लोकमान्य वारले. रेवतीपक्षाचें पंचांग त्यांच्या पश्चात् 'टिळक पंचांग' म्हणून चालूं लागलें. ज्या पुरुषानें सर्व महाराष्ट्रासाठीं एक पंचांग इच्छिलें, त्याचें नांव अशा रीतीनें एका पक्षाचें नांव झालें.

अशा प्रसंगीं आमचे मित्र युरोपचें उदाहरण पुढें करतात. पोप ग्रेगरीनें १५८२ सालीं ४ ऑक्टोबरच्या पुढचा दिवस १५ ऑक्टोबर केला, आणि झालें! परंतु झालें नाहीं. इंग्लंडनें ती दुरुस्ती १७५२ सालीं घेतली, रशियानें राज्यक्रांतीनंतर १९१८ सालीं. रशियन धर्मपीठाचा नाताळ अजून ७ जानेवारीस होतो. ज्यांना पोप होता त्यांची ही अवस्था. आपल्याकडे तर पोपहि नव्हता.

सरकार मात्र आलें. नोव्हेंबर १९५२ मध्यें डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांगसुधारणा समिति नेमली गेली. तीत केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर व नागपूरचे के. ल. दप्तरी होते, चिटणीस निर्मलचंद्र लाहिरी. देशांत तीसएक निरनिराळीं पंचांगें चालू असल्याचें समितीस आढळलें. तिचा अहवाल १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. तींत दोन शिफारशी होत्या आणि त्या दोन चुकांसारख्याच दोन दिशांच्या होत्या. व्यवहारासाठीं सौर राष्ट्रीय दिनदर्शिका सुचविली गेली. ती २२ मार्च १९५७ रोजीं, १ चैत्र शके १८७९ म्हणून, सुरू झाली. धार्मिक तिथींसाठीं २१ मार्च १९५६ रोजीं अयनांश २३ अंश १५ कला धरावे असें ठरलें. हे जवळजवळ चित्रापक्षाचेच. राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख राजपत्रावर छापली जाते. ती आज कोणती आहे, असा प्रश्न आम्हीं एकदां वर्गांत केला होता. शंभरांपैकीं एकासहि सांगतां आली नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर उत्तर पडताळण्यासाठीं आम्हीहि ती टिपून नेली होती.

जें परिषदांनीं व समितीनें झालें नाहीं, तें बऱ्याच अंशीं भिंतीवरच्या कागदानें केलें. १९७३ सालीं जयंतराव साळगांवकर यांनीं 'कालनिर्णय' काढलें. दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख आणि एकादशी हीं एकाच चौकोनांत आलीं, आणि चित्रापक्षाची तिथि कोणताहि वाद न करतां स्वयंपाकघरांत जाऊन बसली. सोलापूरच्या दाते पंचांगानें पुरोहितवर्ग आधींच त्या बाजूस आणला होता. आतां राहिलीं तीं थोडीं घरें, विशेषतः रत्नागिरीकडचीं, ज्यांत टिळक पंचांग निष्ठेनें पाळलें जातें. तिथि दोघांच्याहि आतां प्रत्यक्ष चंद्राच्याच असतात. पांच तासांची ती जुनी चूक दोघांनींहि सोडली, आणि तिच्यासाठीं कोणी भांडल्याचें आज कोणास स्मरतहि नाहीं. उरला आहे तो चार अंशांचा फरक.

आमचें आजोळ असल्याच एका घरांतलें आहे. आजोबा भाद्रपद वद्यांत गेले. थोरले मामा गांवींच राहिले, त्यांनीं टिळक पंचांग सोडलें नाहीं. धाकटे नोकरीनिमित्त पुण्यास आले. तेथें गुरुजी दुसऱ्या पंचांगाचे, शेजारपाजार दुसऱ्या पंचांगाचा, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्याहि त्याच पंचांगाच्या. बहुतेक वर्षीं दोघां भावांचा पितृपक्ष एकच असतो व धाकटे मामा श्राद्धास गांवीं जातात. २०२३ सालीं चित्रापक्षाचा श्रावण अधिक झाला, टिळक पंचांगाचा झाला नाहीं. गांवीं आजोबांचें पान सप्टेंबरच्या आरंभीं वाढलें गेलें, पुण्यास ऑक्टोबरच्या आरंभीं. गांवच्या श्राद्धाच्या दिवशीं धाकटे मामा पुण्यास कचेरींत होते. त्यांच्या हिशेबानें तो श्रावण वद्यांतला एक साधा दिवस होता. तरी दुपारीं त्यांस डबा उघडवेना, असें ते पुढें आम्हांपाशीं बोलले.

त्याच दिवाळींत मामेबहिणीच्या मुलीनें सबंध कुळासाठीं मोबाइलवर एक दिनदर्शिका केली. वाढदिवस, बारशीं, लग्नाचे वाढदिवस सर्व त्यांत. एकीनें भरलें कीं सर्वांस दिसावें, असा तिचा गट. श्राद्धतिथि भरण्याची वेळ आली तेव्हां तिनें थोरल्या मामांस तारीख विचारली, मग धाकट्यांस विचारली, आणि मग आम्हांस विचारलें, "यांतली खरी कोणती?" आम्हीं तिला रेवती, चित्रा व चार अंश हें सर्व समजावून सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें, आणि दोन्ही तारखा भरल्या.